जिन-टॉनिक: छावणीतलं की क्लबातलं?

जिन-टॉनिकची जन्मकथा सगळीकडे एकाच साच्यात सांगितली जाते. हिंदुस्थानातल्या गोऱ्या फौजेला हिवतापावर क्विनाइन घ्यावं लागे. ते कडूजहर, म्हणून शिपायांनी त्यात साखर, सोडा, लिंबू आणि जिन घातली. कथा मोठी गोड आहे, पण पुराव्यापुढे टिकत नाही. हे पेय औषध गळी उतरवण्यासाठी जन्मलंच नाही, ते चैनीखातर आलं आणि औषधाचा मान त्याला मागाहून चिकटला, असं मला ठामपणे वाटतं.

तारखाच बघा. सिंकोनाच्या सालीतून क्विनाइन वेगळं केलं गेलं ते १८२० मध्ये, फ्रान्सात. क्विनाइन घातलेल्या फसफसत्या पाण्याचं पेटंट एरॅस्मस बाँडनं १८५८ मध्ये लंडनला घेतलं आणि ते पाणी पाचक, शक्तिवर्धक म्हणून खपलं. जिन आणि टॉनिक या जोडीचा आजवर सापडलेला सर्वांत जुना छापील उल्लेख १८६८ च्या ‘ओरिएंटल स्पोर्टिंग मॅगझिन’मधला. तिथे ना तापाचा रोगी आहे ना डॉक्टर. घोड्यांच्या शर्यतींनंतरची मैफल उठता उठता जिन-टॉनिक, ब्रँडी-सोडा आणि चिरूट यांचा पुकारा होतो, एवढंच. चिरुटाबरोबर एका दमात कुणी औषध मागवत नाही. पेय बनवण्याची रीतही हेच सांगते. उंच ग्लास बर्फानं काठोकाठ भरायचा, एक भाग जिन घालायची, मग दोन-तीन भाग थंडगार टॉनिक ग्लासच्या कडेनं हळूच सोडायचं, म्हणजे फेस मरत नाही. वर लिंबाची फोड पिळायची. यात बर्फ हवाच, आणि बॉस्टनचा बर्फ जहाजानं प्रथम कोलकात्यात उतरला तो १८३३ मध्ये. तो साहेबांच्या टेबलावर जाई, बराकीत नव्हे.

दारूतून क्विनाइन देत असत, त्याचं काय, असं कुणी विचारील. देत असत हे खरंच. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ब्रिटिश आरमार खलाशांना वाइनमधून क्विनाइन देई. १८५४ च्या नायजर मोहिमेत डॉ. बैकी यांनी माणसांना नियमानं क्विनाइन दिलं आणि एकही दगावला नाही. पण ती मोजून दिलेली मात्रा होती, आणि तिच्यात ना जिन होती ना टॉनिक. हिंदुस्थानातल्या साध्या गोऱ्या शिपायाच्या वाट्याला तर मुख्यतः रम, अरक आणि बिअर यायची. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: जुनं टॉनिक जास्त कडू असेल. असेलही. आज अमेरिकेत लिटरमागे ८३ मिलिग्रॅमहून अधिक क्विनाइन चालत नाही, आणि हिवतापाच्या प्रौढ रोग्याला दिवसाला सुमारे १८०० मिलिग्रॅम लागतं, म्हणजे वीस लिटरांहून जास्त टॉनिक. त्या काळचं टॉनिक पाचपट कडू धरलं तरी चार लिटरांच्या वर जावं लागेल. प्रतिबंधाला मात्रा कमी पुरते, इथे आक्षेपात तथ्य आहे. पण तीही न चुकता, मोजून घ्यावी लागते, आणि मैफलीतला पेला तसा कुणी घेत नाही.

हिवतापाशी खरी झुंज वेगळ्याच ठिकाणी चालली होती. क्लेमेंट्स मार्कहॅमनं १८६० मध्ये दक्षिण अमेरिकेतून आणवलेली सिंकोनाची रोपं निलगिरीत रुजली, दार्जिलिंगच्या डोंगरांतही मळे उभे राहिले, आणि १८९२ पासून बंगालमधल्या टपाल कचेऱ्यांतून क्विनाइनची पुडी एका पैशाला मिळू लागली.