मालिशवाली? हो, मालिशवालीच!

नात्यातल्या एका मुलीने फिजिओथेरपीला प्रवेश घेतला. बाभुळगावातल्या एका आजोबांना ते काय असते ते कळेना. समजावून सांगितल्यावर म्हणाले, "म्हणजे मालिशवालीच ना?" मुलगी हिरमुसली. या पोरीने आणि तुम्ही सर्वांनीही वाचावे म्हणून आज हे लिहितो आहे. मालिश करणाऱ्या हातांचा आपल्या विदर्भात मोठा इतिहास आहे, आणि त्यात ओशाळण्यासारखे काही नाही.

शेजारच्या वर्धा जिल्ह्यापासूनच सुरुवात करू. परचुरे शास्त्री हे संस्कृतचे पंडित. १९३२ साली ते आणि गांधीजी एकाच येरवड्याच्या तुरुंगात होते. पण शास्त्रीबुवांना कुष्ठरोग झालेला, म्हणून त्यांना वेगळे ठेवलेले. पुढे १९३९ मध्ये ते सेवाग्रामला आले. त्या काळी असा माणूस घराबाहेर आणि गावाबाहेर काढला जाई. गांधीजींनी त्यांच्यासाठी आपल्या कुटीजवळच झोपडी बांधून घेतली आणि स्वतः त्यांच्या अंगाला मालिश करू लागले. ती परचुरे कुटी सेवाग्रामला गेलात तर जरूर पाहा.

त्याही आधी, १९३६ मध्ये, विनोबांच्या प्रेरणेने मनोहरजी दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केले होते. गांधीजींनी 'रचनात्मक कार्यक्रम' या पुस्तिकेत मनोहरजींच्या कामाचा नावानिशी उल्लेख केला आहे. १९४६ मध्ये डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीला तपोवन उभे केले आणि १९५१ मध्ये बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन. पंधरा वर्षांच्या आत आपल्याच मुलखात एवढी कामे उभी राहिली!

आता कोणी म्हणेल, मालिशेने कुष्ठरोग बरा होतो का? अजिबात नाही. जंतू मरतात ते औषधानेच. स्वातंत्र्याच्या सुमारास डॅप्सोनच्या गोळ्या आल्या, १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आला. या उपचाराची सुरुवात देशात ज्या जिल्ह्यापासून झाली तो वर्धाच. पण औषधाने जंतू मेले तरी आखडलेला हात सरळ होत नाही. खरी गोष्ट इथून पुढे आहे.

या रोगात नसा खराब होतात. कोपराजवळची नस गेली की करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट आत वळते. संवेदना गेल्यामुळे चुलीवरचे भांडे हातात घेतले तरी चटका कळत नाही. बोटे रोगाने झडतात असा समज होता. डॉ. पॉल ब्रँड हे इंग्रज शल्यचिकित्सक १९४० च्या दशकाच्या अखेरीस वेल्लोरला काम करीत होते. त्यांनी दाखवून दिले की मांस आपोआप सडत नाही. वेदना कळत नाही म्हणून जखमा होतात, त्या चिघळतात आणि बोट जाते. त्यांनी वाकड्या हातांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या. एका चांगल्या स्नायूची दोरी काढून ती निकामी बोटाला जोडायची.

पण दोरी जोडली म्हणजे बोट हलले असे नव्हे. आधी कित्येक दिवस हात पाण्यात भिजवून, तेल लावून, दुसऱ्या हाताने बोटे सरळ करून सांधे मोकळे करावे लागतात. शस्त्रक्रियेनंतर प्लास्टर निघाले की मेंदूला नव्याने शिकवावे लागते, कारण तो स्नायू आता वेगळेच काम करणार असतो. ब्रँड यांच्याबरोबर हे काम रुथ थॉमस नावाच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी उभे केले. मी शिक्षक, म्हणून मला हे चटकन पटते. पहिलीतल्या मुलाचा हात धरून पाटीवर 'अ' गिरवून घ्यावा तसेच हे. रोज तेच, न कंटाळता. शल्यचिकित्सकाचे काम काही तासांचे, या बाईंचे काही आठवड्यांचे.

वेल्लोरच्याच डॉ. मेरी वर्गीस यांना १९५४ मध्ये मोटार अपघात झाला आणि कमरेखालचा भाग लुळा पडला. त्या खुर्चीत बसून कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया करू लागल्या. मग न्यूयॉर्कला जाऊन पुनर्वसनाचे शास्त्र शिकल्या, परत येऊन त्या विभागाच्या प्रमुख झाल्या आणि १९६६ मध्ये तिथे पुनर्वसन केंद्र उभे राहिले. लुळ्या पडलेल्या माणसाला "उठ, प्रयत्न कर" असे धडधाकट डॉक्टरने सांगणे वेगळे आणि चाकाच्या खुर्चीतल्या डॉक्टरणीने सांगणे वेगळे. आनंदवनातही तेच झाले. बरे झालेल्यांनीच दुसऱ्यांच्या जखमा बांधल्या, विहिरी खोदल्या, शेती केली. जो त्या वाटेने गेला आहे त्याचा हात रुग्णाला परका वाटत नाही. आपल्या माणसांची सेवा आपल्यातल्याच कोणीतरी करावी याचे मोल इथे कळते.

डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर कुष्ठरोगाचे 'दूरीकरण' झाले, म्हणजे दर १०,००० लोकांमागे एकापेक्षा कमी रुग्ण उरले. लोकांना वाटले, रोग संपला. तो संपलेला नाही, नवे रुग्ण आजही सापडतात. कायद्यालाही उशीर झाला. जोडीदाराला कुष्ठरोग आहे म्हणून घटस्फोट मागण्याची सोय कायद्यात २०१९ पर्यंत होती!

आठवडी बाजारात दोन्ही तळव्यांत चहाचा ग्लास धरून पिणारा एखादा म्हातारा अजून दिसतो. त्याचा रोग कधीच बरा झालेला असतो, पण त्या बोटांना वेळेवर कोणी हात लावलेला नसतो. तेव्हा मंडळी, घरात कोणाच्या अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसला तर लपवू नका. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळते. आणि बोटे वळू लागली असतील तर गोळ्यांबरोबर मालिश-कसरत शिकवणाऱ्याचीही चौकशी करा. त्याला कमी लेखू नका.