गर्दीतले कण

पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. मला मात्र उलटा प्रश्न पडतो: तुरटीआधी तो तरंगत का असतो? मातीच्या बारीक कणांवर ऋण भार असतो, म्हणून ते एकमेकांना ढकलतात. तुरटीतले धन भाराचे आयन ते ढकलणं मोडून काढतात.

याचं गणित दोनदा मांडलं गेलं. १९४१मध्ये सोव्हिएत संघात बोरिस देर्यागिन आणि लेव लांडाऊ यांनी, आणि जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये, आइंडहोवनच्या फिलिप्स प्रयोगशाळेत, फेरवे आणि ओव्हरबेक यांनी. युद्धामुळे इकडचं तिकडे पोहोचत नव्हतं. डच जोडीचं पुस्तक आलं १९४८मध्ये. चौघांच्या आद्याक्षरांवरून सिद्धांताचं नाव पडलं ‘डीएलव्हीओ’. कणांमध्ये ओढ असते तसा दुरावाही असतो, आणि कोण जिंकणार ते अंतर आणि पाण्यातलं मीठ ठरवतं.

ओव्हरबेकला आणखी एक खटकलं. कण लांब असताना ओढ हिशोबापेक्षा लवकर विरते, असं त्याला दिसत होतं. त्याने ते हेंड्रिक कासिमिरच्या कानावर घातलं आणि १९४८मध्येच कासिमिर आणि पोल्डर यांनी उत्तर दिलं: प्रकाशालाही अंतर कापायला वेळ लागतो, म्हणून ओढ क्षीण होते. त्याच वर्षी कासिमिर निर्वात पोकळीतल्या दोन धातूच्या पत्र्यांमधल्या ओढीपर्यंत पोहोचला. गढूळ पाण्यातून थेट पोकळीत! मला विज्ञानाच्या इतिहासातली ही उडी फार आवडते.

पण या सिद्धांताच्या जगात कण दोनच. रंगाच्या डब्यात विरार लोकलसारखी गर्दी असते. प्रत्येक कणाभोवतीचा आयनांचा ढग शेजाऱ्याच्या ढगात घुसतो. सगळ्यांचा हिशोब एकदम कोण करणार? मग युक्ती निघाली: प्रत्येक कणाला त्याच्या वाट्याची एक खोली द्यायची, भिंतीवर विद्युतक्षेत्र शून्य धरायचं आणि एकाच खोलीचं गणित सोडवायचं. लांबट रेणूंसाठी हे १९५१मध्येच झालं होतं. १९८४मध्ये अलेक्झांडर, चैकिन, पिंकस आणि सहकाऱ्यांनी गोल कणांसाठी ते वापरलं. निष्कर्ष असा, की विरुद्ध भाराचे आयन कणाला इतके बिलगतात की लांबून त्याचा भार खऱ्यापेक्षा बराच कमी भासतो. खरा भार कितीही वाढवा, भासणारा एका मर्यादेपुढे फारसा वाढत नाही.

खोलीत शेजारी मात्र सरासरीपुरताच उरतो, आणि तिथेच मला ही युक्ती अपुरी वाटते. त्याच १९८४मध्ये जपानच्या सोगामी आणि इसे यांनी म्हटलं, की सारख्या भाराचे कण लांबून एकमेकांना ओढतातही. बऱ्याच जणांना ते पटलं नाही, आणि भांडण पुढे कित्येक वर्षं चाललं.