गावाला विचारून लिहिलेले कागद

संगणक प्रणाली बांधण्याआधी ती वापरणाऱ्यांना काय हवे ते विचारून लिहून काढायचे, ही रीत आज नागपूरच्या मिहानमधल्या आयटी कंपन्यांत रोजची आहे. मुलाखत घ्यायची, काम चालते तिथे जाऊन बघायचे, मसुदा दाखवून दुरुस्त्या घ्यायच्या. ही सारी या नव्या धंद्याचीच देणगी, असा समज आहे. पण लोकांच्या गरजा विचारून कागदावर आणण्याचे काम नागपूरच्या महसूल खात्याने दीडशे वर्षांपूर्वीच हाती घेतले होते. त्या कामाचा इतिहास एक गोष्ट ठामपणे सांगतो. प्रश्न कितीही नेमके असले, तरी नोंद खरी उतरते की नाही हे दोन गोष्टींवर ठरते: विचारले कोणाला, आणि लिहिलेले बदलून घेण्याचा हक्क कोणाला दिला.

भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले आणि १८६१ मध्ये नागपूर राजधानी असलेला मध्य प्रांत बनला. त्यानंतरच्या दशकात जमिनीचा बंदोबस्त झाला. शेते मोजली गेली, सारा ठरला आणि त्याबरोबर गावोगावचे रिवाज ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाच्या कागदात उतरवले गेले. पण याच बंदोबस्ताने गावची व्यवस्थाही बदलली. भोसल्यांच्या अमलात जो पाटील मुख्यतः सारा गोळा करून भरणारा होता, तो मालगुजार म्हणून गावाचा मालक ठरला. सरकारचा करार त्याच्याशी, आणि गावचा रिवाज काय हे सांगण्यातही वजन त्याचेच. सरपण, चराई, तलावाचे पाणी यांवर ज्या कुळांचे आणि मजुरांचे रोजचे जगणे चालत होते, त्यांचे हित मालकाच्या हिताहून वेगळे होते. अशा नोंदीतला धोका पुढे न्यायालयांनाही दिसला. अवधमधल्या एका खटल्यात १८८७ साली प्रिव्ही कौन्सिलने वाजिब-उल-अर्जमधल्या मालकाने स्वतःच्या मताने घातलेल्या मजकुराबद्दल नापसंती दाखवली. तिथे उणीव होती ती उत्तर देणाऱ्याची निवड करण्यात.

स्वातंत्र्यानंतर नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी असताना १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि पडीक जमीन, जंगल, तलाव सरकारकडे आले. आता गावाला काय लागते हे नव्याने लिहिणे भाग होते. त्यातून आलेली ‘निस्तार पत्रका’ची तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्ये खास विदर्भासाठी आजही आहे. तिचे कलम १६१ बारकाईने वाचण्यासारखे आहे. जिल्हाधिकाऱ्याने मसुदा करायचा, तो गावातच प्रसिद्ध करायचा, रहिवाशांची इच्छा जाणून घ्यायची आणि मगच तो अंतिम करायचा. पुढेही ग्रामपंचायतीने मागणी केली, किंवा पंचायत नसेल तिथे किमान एक चतुर्थांश प्रौढ रहिवाशांनी अर्ज केला, तर चौकशी करून नोंद बदलता येते. पत्रकात काय असावे तेही सांगितले आहे: शेतीच्या जनावरांना मोफत चराई, घरच्या वापरापुरते लाकूड, मुरूम, माती, दगड, आणि गावच्या कारागिरांना त्यांच्या धंद्यासाठी लागणाऱ्या मालावर सवलत. कुंभाराला लागणारी माती मालकाच्या लक्षात येईलच असे नाही. कायद्याने कारागिराला वेगळी जागा दिली, म्हणून त्याची गरज कागदावर येण्याची सोय झाली.

यावर कोणी म्हणेल, सारावसुलीचा कागद कुठे आणि संगणक प्रणाली कुठे! वसुली करणारे सरकार गावाच्या सोयीसाठी विचारत नव्हते, हे खरेच. पण हेतू वेगळा असला तरी अडचण एकच आहे. बाहेरचा माणूस दुसऱ्याच्या कामाची नोंद करतो आणि पुढे ती नोंदच नियम बनते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: लोकांना आपली गरज नीट सांगता येत नाही, दोघांच्या मागण्या एकमेकींना छेदतात, शेवटी निर्णय जाणकारानेच घ्यायचा. निस्तार पत्रकातही अंतिम अधिकार जिल्हाधिकाऱ्याचाच आहे. मात्र मसुदा समोर आला की ज्याला मोघम प्रश्नाचे उत्तर सुचत नव्हते, तोही चूक नेमकी दाखवतो, आणि मागण्यांतला विरोध निर्णयाआधीच उघडा पडतो. पत्रके प्रत्यक्षात बासनात पडून राहतात, ही तक्रारही रास्त आहे. पण तो दोष अंमलबजावणीचा आहे, आणि अशा वेळी दुरुस्तीच्या हक्काची गरज उलट वाढते.

सॉफ्टवेअरच्या जगात हीच जाण १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेत आली. संगणकशास्त्रज्ञ क्रिस्टेन नीगार्ड यांनी तिथल्या लोखंड व धातुकामगार संघटनेबरोबर काम केले, ते नव्या यंत्रणांबाबत व्यवस्थापनाइतकेच कामगारांचेही म्हणणे धरले जावे म्हणून. आजही पुष्कळ कार्यालयांसाठी प्रणाली बनते ती साहेबांशी बैठका घेऊन, आणि रोज नोंदी भरणारा तलाठी किंवा खिडकीवरचा कारकून ती प्रथम पाहतो ती चालू झाल्यावर. त्या कारकुनाला मसुदा त्याच्या भाषेत, त्याच्या कामाच्या जागी दाखवायला हवा. प्रणाली चालू झाल्यावरही बदल मागण्याची वाट त्याच्यासाठी लेखी नियमाने खुली ठेवायला हवी. विदर्भातल्या रहिवाशाला कायद्याने जे दिले, ते प्रणाली वापरणाऱ्याला देण्यात कसलीही तांत्रिक अडचण नाही.