सायकलचा चिमटा

परवा लातूरहून नातीचा फोन आला. "आबा, बाबा मला सायकल घेऊन देतायत. शॉकअपवालीच पाहिजे. आणि तुम्ही मध्ये काही बोलायचं नाही."

मी मध्ये बोलणार हे पोरीने आधीच ओळखलेलं! ती यंदा आठवीत गेली. वर्गातल्या मैत्रिणींकडे तसल्या सायकली आहेत. पुढे दोन जाड नळकांडी, आत स्प्रिंग, हँडल दाबलं की खाली जाणार, सोडलं की वर येणार. दाबायला मजा येते हे मात्र खरं. वजिराबादेत एका दुकानासमोर उभं राहून मीसुद्धा दोन-चार वेळा दाबून पाहिलंय. दुकानदार काही बोलला नाही, पांढऱ्या केसांचा हा एक फायदा.

तिला काही बोललो नाही. पण डोक्यात जे फिरत राहिलं ते इथे लिहितो. माझ्या डाव्या मनगटाची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे असं ज्या घरच्या मंडळींना वाटतं, त्यांनी जरा शेवटपर्यंत वाचावं.

सायकलचं पुढचं चाक दोन्ही बाजूंनी धरणारा जो भाग, त्याला पुस्तकात फोर्क म्हणतात. आमच्याकडे दुकानात तो चिमटा. शब्द किती नेमका आहे बघा. चुलीतला निखारा धरतो तो चिमटा आणि रस्त्यावरचं चाक धरतो तोही चिमटाच. दोघांनाही चटके सोसायचे असतात.

या चिमट्यात स्प्रिंग घालावी ही कल्पना आजची असेल असं मला वाटत होतं. भाच्याने सांगितल्यावर मी जरा वाचन केलं, तर गोष्ट उलटीच निघाली. १८८५ साली इंग्लंडमध्ये लिन्ली आणि बिग्ज यांनी 'व्हिपेट' नावाची स्प्रिंगची सायकल काढली होती. तिच्यात सीट, हँडल आणि पॅडल ही तिन्ही एकमेकांपासून ठरल्या अंतरावर राहत आणि बाकीचा सांगाडा स्प्रिंगवर हलत असे. कारण सरळ होतं. चाकांना तेव्हा भरीव रबर असायचं आणि रस्ते दगडी. मग १८८८ मध्ये बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचं टायर केलं. (थॉमसन नावाच्या माणसाने तशीच कल्पना चाळीसेक वर्षं आधी मांडली होती, पण तेव्हा कोणी विचारलं नाही.) दुसऱ्याच वर्षी विली ह्यूम हा सायकलपटू हवेच्या टायरवर बसून शर्यती जिंकला आणि स्प्रिंगांची हवा गेली. हवा हीच स्प्रिंग झाली. पुढे जवळजवळ शंभर वर्षं सर्वसाधारण सायकलचा चिमटा साधाच राहिला.

आपल्याकडे आला तो हाच. मुंबईची हिंद, आसनसोलची सेन-रॅले, १९५१ ची सोनीपतची ॲटलास, १९५६ ची लुधियानाची हिरो, सगळ्यांचा घाट एकच, विलायती. पण साधा म्हणजे बिनडोक नव्हे. त्या काळ्या सायकलचा चिमटा आठवून बघा. खाली येता येता तो पुढे चांगलाच वाकलेला असे. त्या बाकामुळे धक्का थोडा तिथेच जिरायचा. टायर अठ्ठावीस इंची, जाड. सीट चामड्याची, खाली दोन वेटोळ्यांच्या स्प्रिंगा. दूधवाले आणि गॅसच्या टाक्या नेणारे तर चिमट्याला पुढून आणखी दोन दांड्या लावून घेत, त्याला डबल चिमटा म्हणत. आणि शेवटची स्प्रिंग म्हणजे माणसाचे कोपर. ते ताठ ठेवायचे नाहीत, ही पहिली शिकवण. सायकल शिकवताना वडील मागून ओरडायचे, "हात ढिले सोड, हात ढिले!"

आता माझ्या सायकलीकडे येतो.

१९७१ ला पीपल्स कॉलेजातून बी. ए. झालो आणि पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला. ज्यांनी तो पाहिलाय त्यांना 'बहात्तर' एवढंच म्हटलं तरी पुरतं. नोकरी कुठली? लोहा-कंधार भागातल्या दुष्काळी कामांवर मस्टर लिहायला लागलो. मामाची जुनी सायकल, कॅरिअरला बांधलेलं मस्टर, आणि एका कामावरून दुसऱ्या कामावर. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रभर ५० लाखांच्या आसपास माणसं अशा कामांवर होती असं नंतर वाचलं. आम्हाला समोर दिसायची ती एवढीच: रांगेने बसलेल्या बायका, हातात हातोडी, बोटांना चिंध्या, शेजारी पदराखाली झोपलेलं मूल. दगडाची खडी फोडायची आणि ढिगाचं माप द्यायचं. खायला मिलो ज्वारीची लाल भाकरी, पोरांना सुकडी.

त्या खडीचे रस्ते झाले. 'झाले' म्हणायचं आपलं. खडीच्या रस्त्याची रीत अशी, की आधी मोठा दगड, वर खडी, तिच्यावर मुरूम, मग भरपूर पाणी मारून रोलर फिरवायचा. पाण्यानेच मुरूम खडीच्या फटीत उतरतो आणि खडी घट्ट बसते. त्या वर्षी प्यायला पाणी नव्हतं, रस्त्याला कुठून घालणार? कित्येक ठिकाणी खडी नुसती पसरून राहिली. पुढे सहा-सात वर्षं मी त्याच रस्त्यांवर सायकल चालवली. हँडल हातात थरथरायचं, संध्याकाळी खडू धरलेली बोटं बधिर असायची. पण तक्रार करायची लाज वाटे. ही खडी कोणी फोडली ते मी पाहिलं होतं, त्यांची नावं माझ्या अक्षरात मस्टरवर होती.

१९७४ ला त्याच भागातल्या एका शाळेत मास्तर झालो. जाऊन-येऊन २४ किलोमीटर. उन्हाळ्यात खडी, पावसाळ्यात काळी माती. काळ्या मातीचा अनुभव शहरातल्या वाचकांना नसेल म्हणून सांगतो. शंभर पावलांत ती टायरला भाकरीच्या कणकेसारखी लपेटते, मग चिमटा आणि मडगार्ड यांच्या मधल्या फटीत ठासते आणि चाक फिरायचंच थांबतं. काडीने उकरायचं, पुन्हा शंभर पावलं. शेवटी वीस किलोची सायकल खांद्यावर. "मास्तर सायकलवर आले की सायकल मास्तरवर आली?" असं गावातले म्हातारे विचारायचे. मी पुढचं मडगार्डच काढून टाकलं होतं. पाठीवर आणि तोंडावर चिखल उडायचा, पण चाक फिरायचं.

त्याच सुमाराला, १९७६ पासून, तिकडे कॅलिफोर्नियात काही तरुण पोरं जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरावर नेऊन खाली सोडण्याच्या शर्यती लावत होती. त्या उताराचं नाव 'रीपॅक'. उतरताना मागच्या हबमधल्या ब्रेकचं ग्रीस तापून जळायचं आणि खाली आल्यावर हब खोलून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं, म्हणून ते नाव. आमच्याकडे आठ आण्यात हबला ग्रीस भरून मिळे. फरक एवढाच की ती पोरं हौसेने खडीवर जात होती. हे मी कुचेष्टेने म्हणत नाही. गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली या मंडळींच्या हौसेतूनच माउंटन बाईक जन्मली, आणि हौसेशिवाय कोणी चिमट्याचा एवढा विचार केला नसता.

तो विचार फळला १९८९ मध्ये. पॉल टर्नर आणि स्टीव्ह सायमन्स, दोघेही मोटारसायकलच्या धंद्यातून आलेले. त्यांनी 'रॉकशॉक्स' काढली. त्यांचा पहिला चिमटा हवेवर आणि तेलावर चालायचा आणि जेमतेम ४८ मिलिमीटर दबायचा. आपली दोन बोटं आडवी धरली तर त्याहून थोडं जास्त. पण १९९० साली दुरांगो इथे माउंटन बाईकची जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा ग्रेग हर्बोल्ड हाच चिमटा लावून उताराची शर्यत जिंकला, आणि टिंगल करणारे गप्प झाले. डग ब्रॅडबरी नावाच्या दुसऱ्या कारागिराने 'मॅनिटू' चिमट्यात लवचिक रबरासारख्या गोळ्या घातल्या. त्या हलक्या आणि सोप्या, पण थंडीत कडक व्हायच्या. प्रत्येक उपायाला आपला हिवाळा असतोच.

हे सगळं मला सांगितलं पुण्यातल्या भाच्याने. तो रविवारी टेकड्यांवर सायकल घालतो. (बहिणीला त्याच्या गुडघ्यांची काळजी, मला त्याच्या नोकरीची.) त्याचा अनुभव ऐकण्यासारखा आहे. पहिली सायकल स्वस्तातली, स्प्रिंगच्या चिमट्याची. चिमटाच अडीच किलोच्या घरात. चढावर उभं राहून पॅडल मारलं की निम्मा जोर हँडलबरोबर खालीवर जायचा. दगडावर आदळलं की दबायचा छान, पण लगेच टणकन वर उसळायचा. कारण स्प्रिंग धक्का फक्त उसना घेते, लगेच परत करते. धक्का जिरवायचा तर आत तेल लागतं, ते बारीक भोकातून सावकाश सरकतं आणि उसळी मोडतं. त्याच्या पहिल्या चिमट्यात ते नावालाच होतं. दोन पावसाळ्यांत नळ्यांना गंज चढला आणि चिमटा ताठ झाला. नुसतं वजन उरलं.

मग त्याने पैसे साठवून हवेचा चिमटा घेतला. आपल्या वजनाप्रमाणे छोट्या पंपाने हवा भरायची, बसल्यावर चिमटा चौथा-पाचवा हिस्सा आपोआप दबला पाहिजे, म्हणजे खड्ड्यात चाक खालीही जाऊ शकतं. चढावर कुलूप लावायची कळ आहे. "मामा, पहिल्यांदा उतरलो तेव्हा टेकडी मऊ झाल्यासारखी वाटली," म्हणाला. पण या चिमट्याचे खालचे पाय चालवण्याच्या दर ५० तासांनी खोलून, साफ करून तेल बदलावं असं बनवणारे सांगतात. मी मनात हिशेब केला. माझे रोजचे दोन तास, म्हणजे शाळेच्या दर २५ दिवसांनी! आमच्या हेडमास्तरांनी तेवढी रजा दिली नसती.

भाच्याशी वाद घालायला मी नाशिकच्या महाजन बंधूंचं उदाहरण काढलं. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र, २०१५ मध्ये अमेरिका या टोकापासून त्या टोकापर्यंत सायकलने पार केली, कुठे होता शॉकअप? तो हसला. "मामा, त्यांना डांबरी रस्ता होता." यावर मला उत्तर सुचलं नाही.

आता मनगटाचं.

घरी आजवर मी सांगत आलो की १९७८ च्या श्रावणात खड्ड्यात सायकल गेली आणि पडलो. खड्डा नव्हता. लोह्याच्या बाजारात एक सायकलवाले चाचा होते. चाकाचा आऊट काढायला सायकल दिली तर त्यांनी चाक बाजूला ठेवलं, चिमट्याच्या खांद्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "गुरुजी, चिमटा चिरा है. इसपे नक्को बैठो." मी वाकून पाहिलं. रंगात केसाएवढी रेघ, तिच्या कडेने लालसर गंज. नवा चिमटा टाकायला पैसे नव्हते, पगार तीन महिने थकलेला. म्हटलं, पुढच्या महिन्यात. ब्रेक दाबला की तिथून कुरकुर ऐकू यायची. तरी पुढच्या महिन्यात.

सोळा दिवसांनी तो मोडला, उतारावर. आणि मी एकटा नव्हतो. पुढच्या दांडीवर सातवीतला एक मुलगा होता, रोज अर्ध्या वाटेत भेटायचा, बसवून घ्यायचो. माझं मनगट मोडलं ते त्याला धरता धरता, हे खरं. पण त्याची हनुवटी खडीवर उघडली आणि पुढचे दोन दात गेले. त्याची आई दुसऱ्या दिवशी शाळेत आली. मला वाटलं, आता बोलेल. ती माझ्याच हाताकडे बघून म्हणाली, "गुरुजी, लई लागलं का हो?" तिचं नाव माझ्या जुन्या मस्टरवर होतं. खडी फोडणाऱ्यांच्या रांगेत.

चाचांना मी नंतर नवा चिमटा टाकायला सायकल दिली. त्यांनी "मैं बोला था" असं एकदाही म्हटलं नाही. पैसे हप्त्याने घेतले.

तो मुलगा आता साठीला आलेला गृहस्थ आहे, लातुरात असतो. दाढी राखतो. भेटला की वाकून नमस्कार करतो, आणि मी दाढीकडे बघत नाही.

गेल्या आठवड्यात लातूरला गेलो. लोह्यावरून, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर, तीच वाट, आता ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग. बसमध्ये पेंगलो सुद्धा. नातीची सायकल येऊन दारात उभी होती, गुलाबी आणि काळी, शॉकअपवाली. जावयांनी मला आणि भाच्याला न विचारताच घेतली, बरं केलं. संध्याकाळी गल्लीत कोणी नाही असं बघून मी एक फेरी मारली. सीट खाली केली होती तिने माझ्यासाठी. गल्लीत नळाच्या पाइपसाठी खणलेली चर आहे, त्यावरून मुद्दाम नेली. डावं मनगट कळ काढेल म्हणून दात आवळले होते. कळ आली, पण थोडीच. पुन्हा वळून दोनदा नेली.

"कशी आहे?" नातीने विचारलं. म्हटलं, "बरी आहे. पावसात भिजली तर पुसत जा, नळ्यांना तेलाचं बोट लाव." मग सायकल स्टँडवर लावून चिमट्याच्या खांद्यावरून अंगठा फिरवून दाखवला. इथे, वरच्या बाजूला, दर रविवारी. रेघ लागली की सांगायचं, त्याच दिवशी, पैशाचं आपण बघू.

तिने अंगठा फिरवला आणि म्हणाली, "गुळगुळीत आहे, आबा."