झेड विभागाचं तिकीट

29 मे 1985, ब्रसेल्स. ट्युरिनहून रात्रभर बसचा प्रवास करून तुम्ही आला आहात. गळ्यात युव्हेंटसचा काळा-पांढरा मफलर. संध्याकाळी फुटबॉलच्या युरोपियन कपचा अंतिम सामना, समोर लिव्हरपूल. ग्रां-प्लास चौकात लाल मफलरवाले इंग्रज उन्हात बिअर पीत गाताहेत. त्यातला एकजण हसून मफलरची अदलाबदल करायची खूण करतो, आणि तुम्ही करताही.

तिकिटावर अक्षर आहे झेड. युव्हेंटसच्या पाठीराख्यांची जागा मैदानाच्या पलीकडच्या टोकाला आहे. झेड हा तटस्थ बेल्जियन प्रेक्षकांसाठी ठेवलेला विभाग. तुम्हाला हे तिकीट एका दलालाने जादा पैसे घेऊन विकलं. आत शिरता तर चहूकडे इटालियनच कानावर पडते. कुणी तुमच्यासारखे लांबून आलेले, कुणी इथलेच. 1946 च्या करारानंतर बेल्जियमच्या कोळसा खाणींत कामाला आलेल्या इटालियनांची ही मुलं-नातवंडं. कुणी बापाच्या खांद्यावर, कुणी आईचं बोट धरून.

पायाखाली बघा. हेझेल स्टेडियम 1930 सालचं. पायरीचा काठ बुटाने दाबलात तर सिमेंटचा ढलपा सुटतो, मुठीत मावेल असा. शेजारच्या वाय विभागात लिव्हरपूलवाले. मधे कोंबड्यांच्या खुराड्याला शोभेल अशी जाळी आणि मोजके पोलीस. या मैदानाबद्दल, या तटस्थ विभागाबद्दल लिव्हरपूल क्लबनेच आधी काळजी व्यक्त केली होती. तुम्हाला हे कुणी सांगितलेलं नाही. परक्या गावात सामना बघायला आलेला माणूस आपली जागा, दरवाजा, शेजारी यातलं काहीच निवडत नाही. त्याच्या हाती फक्त तिकीट असतं.

सात वाजून गेले. सामन्याला अजून तासभर आहे. आधी शिव्या, मग बाटल्या, मग तेच सिमेंटचे ढलपे. जाळी आडवी होते आणि दारू प्यायलेला जमाव अंगावर धावून येतो. तुमच्या भोवतीची माणसं भांडायला आलेली नाहीत. ती मागे सरकतात. मागे भिंत आहे. तुम्ही श्वास सोडता, छाती आत जाते आणि पुन्हा फुगायला जागाच उरत नाही. हात अंगाशी अडकले आहेत. पाय जमिनीवर आहेत की कुणाच्या अंगावर, कळत नाही. भिंत कोसळते.

39 माणसं गेली. 32 इटालियन, 4 बेल्जियन, 2 फ्रेंच, 1 उत्तर आयर्लंडचा. सर्वांत लहान मुलगा 11 वर्षांचा. तिकडे घरी तुमची आई टीव्हीसमोर बसली आहे, आणि तुमच्याकडे तिला कळवायचं साधन नाही. 9.40 ला सामना सुरू होतो. प्लातिनीच्या पेनल्टीवर युव्हेंटस 1-0 ने जिंकतो.

धावून येणाऱ्यांपैकी 14 जणांना 1989 मध्ये शिक्षा झाली, इंग्लिश क्लबांवर पाच वर्षं बंदी आली. ते योग्यच होतं. पण तो खिळखिळा डोलारा ज्या युरोपीय फुटबॉल महासंघाने, यूएफाने, अंतिम सामन्यासाठी निवडला, त्याचा दोष मला तितकाच मोठा वाटतो.

आता 37 वर्षं पुढे या. 28 मे 2022, पॅरिस, स्टाद द फ्रान्स. यावेळी मफलर लाल आहे, तुम्ही लिव्हरपूलचे. पुन्हा युरोपचा अंतिम सामना, समोर रेआल माद्रिद. स्टेशनवरून येणारी सारी गर्दी महामार्गाखालच्या एका अरुंद वाटेत वळवली आहे. तपासणीपाशी माणूस माणसाला चिकटला आहे. फाटकं बंद होतात. अश्रुधुराने डोळे जळतात, जवळचं लहान पोर खोकत रडू लागतं. पुढच्या फेब्रुवारीत चौकशी समिती या गोंधळाची मुख्य जबाबदारी यूएफावर ठेवेल आणि कुणाचा जीव गेला नाही हेच नवल म्हणेल.

पण ते पुढच्या वर्षी. आत्ता, तुम्ही तासन्‌तास बाहेर रांगेत चेंगरत असताना, आतल्या पडद्यावर सूचना झळकते : प्रेक्षक उशिरा पोचल्यामुळे सामना लांबला आहे.