जोशी, जी. एन.

(१९०९–१९९४). मराठी भावगीतगायक, संगीतकार, ध्वनिमुद्रण अधिकारी व लेखक. कायद्याची पदवी घेतलेल्या जोशींनी पुढचे आयुष्य गाण्याला दिले. बुलढाणा जिल्ह्याशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते एका कवितेमुळे. पैनगंगेकाठच्या मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता त्यांनी चाल लावून गायिली आणि १९३२ मध्ये तिची ध्वनिमुद्रिका निघाली. मराठीतली पहिली भावगीताची ध्वनिमुद्रिका म्हणून तिचा मान आहे.

देशपांडे यांचा जन्मही १९०९ चाच, याच जिल्ह्यातल्या सेंदुरजनचा. तेही कायदा शिकलेले होते आणि मेहकरला वकिली करत. कवीचा ‘शीळ’ हा संग्रह प्रसिद्ध झाला १९५४ मध्ये, म्हणजे ध्वनिमुद्रिकेनंतर बावीस वर्षांनी. वऱ्हाडातल्या एका वकिलाची कविता पुस्तकाच्या कितीतरी आधी ग्रामोफोनच्या कर्ण्यातून लोकांच्या कानी पडली होती. देशपांडे यांना पुढे ‘खूणगाठी’ या संग्रहासाठी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला (१९८६). त्यांच्या नावाला घरोघरी ओळख मात्र या गाण्याने आधीच दिली होती. ‘नदीकिनारी’ हे जोशींनी गायिलेले आणखी एक गाणेही देशपांडे यांचेच.

‘शीळ’ची जागा नीट समजायची तर तेव्हाच्या बाजारात काय वाजत होते ते पाहावे लागते. मराठी ध्वनिमुद्रिकांत नाट्यपदे, अभंग आणि लावण्या यांचा भरणा होता. गायकाची तान, त्याची फिरत हेच आकर्षण, शब्द पुष्कळदा त्याखाली दबून जात. जोशींनी हे प्रमाण उलटे केले. कविता आधी वाचून समजून घ्यायची, तिच्या चरणांच्या वळणाने चाल बांधायची आणि आलापी बेताची ठेवायची. लाखेच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे बसत. मैफलीच्या गायकाला ती अडचण वाटे, भावगीताला मात्र तेवढीच जागा पुरेशी होती. ‘शीळ’मध्ये बोलते ती खेड्यातली तरुणी. वेळ न पाहता रानात घुमणाऱ्या प्रियकराच्या शिळेबद्दल ती लटकी तक्रार करते. तिचे बोलणे पुरुषाच्या आवाजात ऐकताना कुणाला खटकले नाही, कारण रंगभूमीवर स्त्रीभूमिका गाणाऱ्या बालगंधर्वांनी मराठी कान त्याला कधीच तयार करून ठेवला होता. तरी एक फरक सांगितलाच पाहिजे : जोशींनी स्त्रीचा आवाज काढला नाही. आपल्या साध्या, मोकळ्या गळ्याने त्यांनी तिचे बोलणे फक्त पोचवले. भावगीतगायनाचा पाया माझ्या मते इथे घातला गेला. पुढे गजानन वाटवे यांनी हा प्रकार गावोगावच्या मंचांवर नेला.

गांधारी हनगल या नावाने तेव्हा ध्वनिमुद्रिका देणाऱ्या तरुण गंगूबाई हनगल यांच्याबरोबरही जोशींनी द्वंद्वगीते गायिली. किराणा घराण्याच्या या गायिकेचा कोवळा, उंच पट्टीचा आवाज त्यांत ऐकू येतो. ज्यांनी गंगूबाईंचा नंतरचा भारदस्त स्वर ऐकला आहे, त्यांना ओळख पटायला थोडा वेळ लागतो.

१९३८ मध्ये जोशी हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीत ध्वनिमुद्रणाच्या कामावर रुजू झाले आणि त्यांच्या गुणांची दुसरी बाजू दिसली. स्वतः गाणारा माणूस आता मायक्रोफोनच्या पलीकडे बसला. बडे गुलाम अली खाँ, आमीर खाँ, बेगम अख्तर अशा कलावंतांना ध्वनिमुद्रणासाठी राजी करणे, त्यांची मर्जी सांभाळणे आणि तासाभराचा राग काही मिनिटांत मावेल अशी मांडणी त्यांच्याशी बोलून ठरवणे, हे काम गळ्याची जाण असलेल्या माणसालाच जमण्यासारखे होते. त्या थोरांच्या आठवणी त्यांनी ‘स्वरगंगेच्या तीरी’ या पुस्तकात आणि ‘डाउन मेलडी लेन’ या इंग्रजी पुस्तकात (१९८४) लिहिल्या. मागल्या पिढीच्या गवयांना एका गायकाने वाहिलेली ही आदरांजली आहे. गवयांचे स्वभाव, हट्ट आणि माया यांबद्दल ते जवळिकीने लिहितात, आणि भक्तीच्या भरात माणूस हरवू देत नाहीत. म्हणून संगीताच्या इतिहासकारालाही ही पुस्तके कामाची ठरतात.

१९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या गाजलेल्या ध्वनिमुद्रिकेचे निर्मातेही जोशीच. शिवकुमार शर्मा यांचे संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरा यांची गिटार यांतून तिच्यात काश्मीरच्या एका मेंढपाळाचा दिवस उभा राहतो. सुरुवात पहाटेच्या अहीरभैरवाने होते, आणि दिवस मावळल्यावर शेवटी पहाडी येतो. पस्तीस वर्षांपूर्वी मेहकरच्या कवीच्या रानातली शीळ तबकडीवर आणणाऱ्या माणसाने या वेळी शब्द पूर्ण बाजूला ठेवले होते.