वीज गेल्यावर भरवसा कुणाचा?

२८ एप्रिल २०२५. दुपारी साडेबाराच्या सुमारास स्पेन आणि पोर्तुगाल अंधारले. स्पेनच्या ग्रिडमधून पाच सेकंदांत १५ गिगावॉट, म्हणजे त्या क्षणीच्या मागणीच्या जवळपास ६० टक्के वीज नाहीशी झाली. कार्डयंत्रं बंद, एटीएमही बंद. ज्यांच्या खिशात नोटा होत्या, त्यांना पाणी आणि पाव मिळाला. खात्यात पैसे असूनही बाकीचे रिकाम्या हाती राहिले.

‘शेवटी रोकडच खरी’ असं मग बरेच जण म्हणाले. मला ते अर्धंच पटतं. एटीएम बंद असेल, तर रोकड म्हणजे काल काढून ठेवली तेवढीच. २०१७मध्ये मारिया वादळानंतर प्वेर्तो रिकोत वीज नव्हती, तेव्हा फेडरल रिझर्व्हला विमानानं नोटा पाठवाव्या लागल्या.

आणि कार्डाला वीज लागतेच असंही नाही. जुन्या कार्डांवरचे आकडे उठावाचे असत, ते छाप घेण्यासाठीच. दुकानदार कार्डावर कार्बनची पावती ठेवून दांडा सरकवायचा, गिऱ्हाईक सही करायचं. ठरावीक रकमेपर्यंत कुणाला विचारायची गरज नसे, त्यापुढे फोन. बाद कार्डांची छापील यादी गल्ल्यापाशी असे. १९७३मध्ये बँकअमेरिकार्डनं, म्हणजे आजच्या व्हिसानं, संगणकावरून मंजुरी द्यायला सुरुवात केली. वेळ वाचला, फसवणुकीला आळा बसला. पण भरवसा ठेवायचा अधिकार गल्ल्यावरून उठून दूरच्या संगणकाकडे गेला.

तो गल्ल्यावर असला की काय होतं, हे आयर्लंडनं १९७०मध्ये पाहिलं. संपामुळे मोठ्या बँका मे ते नोव्हेंबर बंद होत्या. लोक एकमेकांना चेक देत राहिले. ते कधी वटतील ठाऊक नसताना हातोहात फिरले. कोणाचा चेक घ्यायचा, हे दुकानदार आणि पबवाले ठरवत. ते गिऱ्हाइकाला वर्षानुवर्षं ओळखत होते. आपल्या वाण्याची उधारीची वही याहून वेगळी नाही.

मी सॉफ्टवेअर लिहितो. नेटवर्क नसेल तर काय, या प्रश्नाला ‘थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न करा’ एवढंच उत्तर मीही लिहिलेलं आहे. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०२२मध्ये ऑफलाइन व्यवहारांचे नियम आणले, तेव्हा एका व्यवहाराला मर्यादा होती २०० रुपये. पुढे ती वाढली. ही मर्यादा म्हणजे कार्बनच्या पावतीच्या काळातलीच युक्ती: थोडी रक्कम, थोडी जोखीम, हिशोब नंतर.

वीज जाणारच. तेव्हा जोखीम कोण घेणार, हे ती असतानाच ठरवावं लागतं.